औषध औषधालाही नव्हते

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मित्रांनो, माझ्याकडे सगळ्यांना मान वर करूनच बघावे लागते, त्यामुळे थोडा तोरा माझ्या अंगात आहे. तेवढा सांभाळून घ्या.

रंगाऱ्याने माझ्यावर हिरव्या रंगात एकच शब्द लिहिला, 'औषधालय'. औषधवाल्या आजोबांनी आपला परवाना भिंतीवर लावला आणि मला दारावर. डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचल्याशिवाय ते गोळी हातात ठेवत नसत. लोक म्हणत, "ही पाटी दिसली की अर्धं दुखणं पळतं." मी फुगून जाई.

पुढे आजोबा थकले. परवाना परत करून त्यांनी दुकान विकले. नव्या मालकाने आत साबण, वह्या आणि झाडू मांडले, मला मात्र तसेच ठेवले. "पाटी बघून चार माणसं आत येतात गं," तो बायकोला म्हणे. दुकानात औषध औषधालाही नव्हते! चुकून आलेले लोक हसत आणि एखादा साबण घेऊन जात. मलाही त्याची गंमतच वाटे.

एका दुपारी एक मुलगी हातात चिठ्ठी घेऊन धावत आली. "काका, बाबांना दम्याचा झटका आलाय. यात लिहिलेला पंप द्या, लवकर!"

मालकाचा चेहरा पडला. "अगं, इथे औषधं नसतात. त्या वळणापलीकडे जा."

"मग ही पाटी कशाला लावलीत?" असे म्हणून ती रडतच पळाली.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पंप कसाबसा वेळेत पोचला आणि तिचे बाबा वाचले. तिने तक्रार केली, तेव्हा औषध निरीक्षक बाई आल्या.

"परवाना दाखवा."

"बाई, मी औषधं विकतच नाही. मला परवाना कशाला?"

"विकत नाही, म्हणूनच हा शब्द लावता येत नाही. कायदाच आहे तसा."

मालकाने कान पकडले. रंगाऱ्याने घासताना माझी सालटी काढली, पण मी हूं की चूं केले नाही. आता माझ्यावर 'साबण-वह्या भांडार' असे लिहिले आहे. गिऱ्हाईक थोडे घटले, पण येते ते हवे ते घेऊन जाते. मी सुखात आहे.

मित्रांनो, पाटीवर लिहाल ते आत असू द्या, आणि औषध घेताना भिंतीवरचा परवाना जरूर बघा. परवा एक अनोळखी गृहस्थ चिठ्ठी घेऊन घाईघाईने आले. त्यांनी मला वाचले आणि क्षणभरही न थांबता ते वळणाकडे धावले. इतका मान मला आजवर कोणी दिला नव्हता.