राजधानीचं दार

राजधानी कशी बुडाली हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं. वेशीवरचा दारवान झोपला, दार उघडं राहिलं, क्रूर ड्रॅगन आत शिरला, राजा प्राणपणाने लढला आणि सोन्यासारखी नगरी जळून खाक झाली. झाला इतिहास. चारशे वर्षांत तो कुणी तपासून पाहिला नव्हता. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तपासण्याचा रिकामा उद्योग कोण करणार?

त्या दारवानाचे वंशज अजून गावात राहत होते. दार सताड उघडं टाकलं म्हणून गावाने त्यांना नाव ठेवलं होतं सताड. मूळ आडनाव काय होतं ते आता त्यांनाही आठवत नसे. सताडांच्या हाती कुलूप-किल्ली द्यायची नाही, हा गावाचा कायदा. सताड दुकानातून बाहेर पडला की दुकानदार मागून ओरडणार, "दार लावलंस का?" आणि लावलेलं असलं तरी उठून एकदा ढकलून बघणार. स्वतःच्या घराचं दारसुद्धा त्यांनी लावायचं नाही. रोज संध्याकाळी शेजारच्या काकू यायच्या, बाहेरून कडी घालायच्या आणि सकाळी दूध आलं की काढायच्या. काकू मनाने चांगल्या होत्या. फक्त त्यांची झोप गाढ होती, आणि मग सताडांचा कामावर खाडा व्हायचा.

या घराण्यातली शेवटची मुलगी, तिला सगळे सताडबाईच म्हणत, त्या पडक्या राजधानीत पाहुण्यांना फिरवायचं काम करायची. म्हणजे आपल्याच खापरपणजोबाची अब्रू रोज स्वतःच्या तोंडाने चव्हाट्यावर मांडायची. "हा वेशीचा कट्टा. इथेच तो आळशी दारवान घोरत पडला होता," असं म्हणायचं आणि खड्यांची टोपली पुढे करायची. पाहुण्यांनी कट्ट्यावर एकेक खडा मारायचा, ही तिथली रीत. पोरं तर नेम धरून मारायची. पाहुणे गेले की सगळे खडे वेचून पुन्हा टोपलीत भरायचे, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायचे. इतकं असूनही ती काम मन लावून करायची. मी असते तर टोपली कुणाच्या तरी डोक्यात घातली असती.

यंदा त्या राजधानीतल्या संग्रहालयाचे किल्लीवाले काका निवृत्त होणार होते. नोकरीची वर्षं बघितली तर किल्ली सताडबाईला मिळायला हवी होती. तिच्या बाबांनी तर भिंतीत एक खिळाही ठोकून ठेवला होता, किल्ली टांगायला. खिळा वाकडा गेला होता, पण त्यांच्या दृष्टीने तो घरातला सगळ्यात देखणा दागिना होता.

संग्रहालयाची समिती बसली ती नेहमीसारखी मोठ्या मेजाभोवती. हे मेज म्हणजे अध्यक्ष मिस्त्रींच्या घराण्याची देणगी. मिस्त्री हे राजसुताराचे वंशज. मेज राजाने त्यांच्या पूर्वजाला खूश होऊन दिलं होतं, असं ते प्रत्येक बैठकीत सांगत. मेज होतं खरं भारदस्त, जमिनीपर्यंत लोळणारी मखमल अंथरलेलं, फक्त त्याच्याखाली काहीतरी टोकदार होतं आणि बसणाऱ्याचे गुडघे सोलून निघत. "जुनी कलाकुसर आहे," असं मिस्त्री म्हणायचे, आणि सभासद गुडघे चोळत मान डोलवायचे. मिस्त्री स्वतः अजून सुतारकाम करत. निम्म्या गावाच्या खिडक्या त्यांच्या कारखान्यात दुरुस्तीला पडलेल्या होत्या आणि निम्मं गाव गोणपाट लावून राहत होतं. कधी विचारा, उत्तर एकच, "उद्या देतो."

"तुझं काम चोख आहे गं," मिस्त्री सताडबाईला म्हणाले. "पण संग्रहालयाची किल्ली सताडांच्या घरात? लोक शेण घालतील आमच्या तोंडात."

"मी कधी कामावर डुलकी तरी घेतली का?"

"तोही त्याआधी कधी झोपला नसेल," मिस्त्री म्हणाले. "प्रश्न तुझा नाही. रक्ताचा आहे."

"आणि तो झोपला होता हे बघितलंय कुणी?"

मास्तर म्हणून एक सभासद होते, शाळेत इतिहास शिकवायचे. ते हसले. "चारशे वर्षांपूर्वीचं बघणारा माणूस कुठून आणणार तू?"

"आणला तर?"

"तर उद्याच किल्ली तुझी," मिस्त्री म्हणाले. "नाही आणलास तर माझ्या भाच्याला देऊ." भाचा शेजारीच बसला होता. त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे गेली ते तो आठवत होता.

घरी आल्यावर बाबांनी तिचा चेहरा बघितला. "खिळा काढू का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि तिला इतकं भरून आलं की ती उगाचच भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

आता बघणारा माणूस नव्हता हे खरं, पण बघणारा होता. ड्रॅगन अजून तिथेच राहत होता, राजवाड्यामागच्या तळ्यात. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की सगळे त्याला आजोबा म्हणत. तळ्याचं पाणी त्याच्यामुळे कायम गरम असायचं, बायका तिथे कपडे धुवायच्या आणि त्याच्या पाठीवर वाळत घालायच्या. पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढायचे. पण त्या दिवशी काय झालं, असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. इतिहास माहीतच होता की!

एक गोष्ट मात्र सताडबाईने हेरली होती. ती पाहुण्यांना "क्रूर ड्रॅगन" आणि "आळशी दारवान" सांगायला लागली की आजोबा हळूच शेपूट उचलून कानांवर घ्यायचे.

सकाळी ती तळ्याकाठी गेली खरी, पण दोनदा मागे फिरली. दारवान खरंच घोरत होता असं निघालं तर? आत्ता निदान मनातल्या मनात शंका घ्यायची सोय होती, तीही जायची. तिसऱ्यांदा तिने पदर खोचला आणि सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही आत शिरलात तेव्हा वेशीवरचा दारवान झोपला होता का?"

आजोबांनी शेपूट कानांवर घेतलं.

"ऐकू येतंय तुम्हाला!"

"कपडे वाळायचेत लोकांचे," आजोबा पुटपुटले. "मला हलता यायचं नाही."

"हलू नका. बोला."

आजोबांनी बराच वेळ पाण्यात बुडबुडे काढले. मग म्हणाले, "दारच नव्हतं."

"म्हणजे?"

"वेशीला दारच नव्हतं. नुसतं भगदाड. आणि मधोमध एक माणूस उभा होता, दोन्ही हात पसरून. नाक अगदी तुझ्यासारखं. कितीतरी रात्री जागा असावा, डोळे तांबडेलाल झाले होते. वेस ही एवढी मोठी, आणि तो एवढासा. त्याच्या एका बाजूने हत्ती गेला असता आणि दुसऱ्या बाजूने हत्तीची वरात. तरी हात काही खाली घेईना. मला म्हणाला, 'दार कुरकुरत होतं म्हणून दुरुस्तीला गेलंय. सुतार उद्या देतो म्हणालाय. तोवर दार मीच. तुमचं काय काम आहे?'"

 सताडबाईला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"आणि तुम्ही त्याच्यावर हल्ला केलात?"

"हल्ला कसला!" आजोबा कळवळून म्हणाले. "सर्दी झाली होती गं मला. राजवैद्यांच्या हाताला गुण आहे असं ऐकून आलो होतो. दार असतं तर रीतसर ठोठावून बाहेर थांबलो असतो, आणि जे व्हायचं ते बाहेरच झालं असतं. पण तो काय काम विचारत होता, मी सांगायला तोंड उघडलं, आणि शिंक आली. त्या माणसावर नको म्हणून मान वर केली, तेवढा तो वाचला. नगरी नाही वाचली."

"आणि राजा? तो लढला ना प्राणपणाने?"

"राजा आंघोळ करत होता. टॉवेल गुंडाळून माझ्या शेजारून पळाला. गावात त्याचा पुतळा आहे ना, त्याच्या हातात आहे ती तलवार नव्हे. पाठ घासायचा ब्रश आहे."

"मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप का लावून बसलात?"

आजोबांनी मान खाली घातली. "लांबून लांबून लोक क्रूर ड्रॅगन बघायला येतात. शेंबडा ड्रॅगन बघायला कोण येईल?"

तेव्हा मात्र सताडबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या एका शेंबडापायी आमच्या पिढ्यान्‌पिढ्या खडे खातायत! माझ्या बाबांनी जन्मात स्वतःच्या घराचं दार लावलेलं नाही! ज्याने तुमच्यासमोर हात पसरले त्याला मी रोज आळशी म्हणते, आणि तुम्ही शेपटाखाली ऐकत बसता? लाज नाही वाटत?"

"वाटते म्हणूनच तर शेपूट घेतो," आजोबा म्हणाले आणि रडायलाच लागले. पाणी एकदम उकळायला लागलं आणि पलीकडून एक बाई ओरडली, "अहो आजोबा, रंग जातोय कपड्यांचा!"

त्याच दिवशी समिती पुन्हा बसली तेव्हा आजोबा संग्रहालयाच्या खिडकीत डोकं घालून हजर झाले. पाठीवर अजून कुणाच्या तरी चादरी होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, शिंकेसकट. सांगताना ते कानापर्यंत लाल झाले होते. मास्तरांनी तीनदा चष्मा पुसला. वर्षानुवर्षं शाळेत राजाची लढाई घसा कोरडा करून शिकवली होती त्यांनी.

मिस्त्री मात्र ताडकन उठले. "थापा आहेत! म्हणे सुताराने दार नेलं! नेलं असेल तर गेलं कुठे ते? चार हत्तींनाही न उचलणारं वेशीचं दार काय कुणी खिशात घालून... आई गं!"

उठताना त्यांचा गुडघा मेजाखालच्या कलाकुसरीवर दाणकन आपटला होता.

 मास्तरांनी मिस्त्रींच्या गुडघ्याकडे बघितलं, मग मेजाकडे बघितलं, मग हळूच मखमल उचलून खाली वाकले. बराच वेळ ते वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा म्हणाले, "आजोबा, जरा हे उलटं करता का?"

आजोबांनी दातांनी अलगद मेज उलटं केलं. खालच्या बाजूला ओळीने हातभर लांबीचे लोखंडी खिळे होते, शत्रूच्या हत्तींनी धडक देऊ नये म्हणून वेशीच्या दारांना मारतात ना, तसले. मधोमध ठोठावायचं भलंमोठं कडं होतं. एक सभासद इतकी वर्षं त्यालाच छत्री अडकवत होते, छत्री अजून तिथेच होती. कडेला दोन बिजागऱ्या होत्या. एक नवी बसवलेली आणि दुसरी मोडलेली, तशीच. निम्मंच काम झालं होतं.

सगळ्यांच्या नजरा मिस्त्रींवर खिळल्या. ते गुडघा धरून उभे होते.  शेवटी पिढीजात सवयच मदतीला धावून आली.

"उद्या बसवून देतो," ते म्हणाले.

किल्ली त्याच बैठकीत सताडबाईच्या हातात पडली. घरी निघण्याआधी तिने खड्यांची टोपली उचलली आणि तळ्यात रिकामी केली. कट्ट्यावर क्षणभर हात टेकला, आणि मग कुणी बघत नाही ना हे पाहून वेशीच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरून पाहिले. खरंच फार मोठी वेस होती ती.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी राजाच्या टॉवेलचं ऐकलं, मेजाचं ऐकलं, पण विचारलं एवढंच, "झोपला नव्हता?"

"नाही बाबा."

"डुलकीसुद्धा नाही?"

"डोळे तांबडे झाले होते, पण हात खाली घेतले नाहीत."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी किल्ली वाकड्या खिळ्याला टांगली, काढली, पुन्हा टांगली आणि जोरात नाक ओढलं. "सर्दी झालीय," ते म्हणाले.

"लांब व्हा मग," सताडबाई म्हणाली. "एक राजधानी पुरे झाली."

एवढ्यात नेहमीप्रमाणे शेजारच्या काकू कडी घालायला आल्या.

"आज राहू द्या, वहिनी," बाबा म्हणाले. "आतून मी लावतो."

काकू उंबऱ्यावरच थबकल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पदराने डोळे टिपत परत गेल्या. बाबांनी दार लोटलं आणि आतल्या कडीला हात घातला. ती कडी घर बांधल्यापासून कुणी सरकवली नव्हती. बाबांनी तेल घातलं, फुंकर मारली, खांदा लावला, शिव्या दिल्या. शेवटी कडी खाडकन बसली. बाबा दाराला पाठ टेकून कितीतरी वेळ नुसते उभे होते, आणि त्यांना जेवायला बोलवायचं सताडबाईच्या जिवावर आलं.

सकाळी कडी निघेना.

सताडबाईचा नव्या कामाचा पहिला दिवस. बाहेरून काकू ढकलतायत, आतून ती ओढतेय, कडी ढिम्म. काकूंनी धावत जाऊन मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी बाहेरूनच दारावर टकटक केली, मान हलवली आणि म्हणाले, "उद्या येतो."

शेवटी सताडबाईने किल्ली दातात धरली आणि खिडकीतून उडी मारली. पदर खिडकीला अडकला, तो काकूंनी सोडवला. ती रस्त्याने धावत सुटली तशी कोपऱ्यावरचा दुकानदार सवयीने ओरडला, "ए सताडबाई! दार लावलंस का?"

उत्तर तिला द्यावंच लागलं नाही. मागून, बंद घरातून, बाबांचा खणखणीत आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू आला.

"लावलंय! हवं तर येऊन ढकलून बघ!"