कोळशाच्या जागेवरचा रोवणा

इरई नदीच्या काठावरचा कोळशाचा डेपो बंद पडून सहा वर्षं झाली, तेव्हा कुठे तिथे बाग करायचं ठरलं. बाकडी आली, झोपाळे आले, पण गवत काही येईना. दोनदा पेरलं, दोनदा करपलं. तिसऱ्यांदाही धरलं नाही तर सरसकट फरशी बसवायची, असं पालिकेच्या साहेबांनी सांगून टाकलं.

हे कांताबाईच्या जिवाला लागलं. बावीस वर्षं तिने इथेच कोळशाची टोपली वाहिली होती आणि आता बागेत मजुरीला होती. मरायच्या आधी ही जागा एकदा हिरवी बघायची, एवढाच तिचा हट्ट.

सुपरवायझर लोकेश गवताचं बी कसं पेरायचं ते समजावून दोन दिवस नागपूरला गेला आणि इकडे मजूर बायकांनी घोळ घातला. कांताबाईसकट सगळ्या नागभीडकडच्या, गावी जाऊन धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, नुकताच आटपून आलेल्या. हातांना दुसरं काही सुचेना. त्यांनी कडेने बांध घातला, पुराने टाकलेला गाळ आत पसरला, पाणी सोडून चिखल तुडवला आणि काठावरची हरळी उपटून, मागे मागे सरकत, चिमूट चिमूट रोवून टाकली. बी पोत्यातच राहिलं.

लोकेश परतला तो कपाळाला हात लावूनच बसला. "कांताबाई, ही बाग हाये का धानाची बांधी?"

"या कोळशाच्या भुकटीत बी मूळ धरत नाई भाऊ. रोवलं तं धरते. नाईच धरलं तं मले कामावरून काढून टाका."

पाच दिवस हरळी पिवळी पडून होती. कांताबाईला घास गोड लागेना. लोकेश तर तिच्याकडे बघेचना. आठव्या दिवशी पेरापेराला कोंब दिसले आणि महिन्याभरात चिखल झाकून गेला.

फरशीचं माप घ्यायला साहेब आले ते टेप न उघडताच उभे राहिले. हे कोणी लावलं, त्यांनी विचारलं. लोकेशला सहज स्वतःचं नाव घेता आलं असतं, पण पोरगा खरं बोलला. पलीकडचा पट्टाही याच बायकांकडून लावून घ्या, असं सांगून साहेब गेले.

बायका हसत पाणी प्यायला गेल्या. कांताबाई मात्र तिथेच थांबली. डेपोत कामाच्या वेळी टेकलं की मुकादम ओरडायचा. बावीस वर्षांत या जमिनीवर ती एकदाही निवांत बसली नव्हती. ती खाली बसली, दोन्ही तळवे गवतावर ठेवले आणि पोटभर रडली.