सालमियाच्या बकऱ्या आणि माझ्या भाकऱ्या

बकरीला अक्कल नसते म्हणणाऱ्यांनी सालमियात माझ्या दारात येऊन उभं राहायचं होतं. गल्लीतल्या सफियाची बकरी सफियाचं दार टाकून, तिथली पेंड टाकून माझ्याकडे यायची. मी दुसरी यत्ता शिकलेली बाई, पण एवढं मलाही कळतं की जनावर कुणाची खोटी तारीफ करत नाही.

मुळापासून सांगते. साठ सालाच्या आधीची गोष्ट. अरबांच्या मुलखातल्या सालमियात तेव्हा समुद्राकाठी मातीची घरं होती आणि आमच्या गल्लीत रत्नागिरीकडची थोडी बिऱ्हाडं. माझे घरवाले, माझ्या पोराचे, यूनुसचे अब्बा, कंपनीचा ट्रक चालवायचे. दुधासाठी घरोघरी एक बकरी. सकाळी शावी यायचा, म्हणजे बकऱ्या चारणारा. साऱ्या गल्लीच्या बकऱ्या गोळा करून वाळवंटात न्यायचा आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सोडून द्यायचा. तिथून जी ती आपल्या दारी. माणूस घर चुकेल, बकरी चुकत नसे.

मग माझा यूनुस मोठा व्हायला लागला.

पाणीवाल्याच्या पांढऱ्या गाढवाला त्याने नीळ लावली, ते मी हसण्यावारी नेलं. घरमालकीण लैलाच्या रेडिओच्या तारेवर बोंबील वाळत घातले, तेव्हा मात्र अब्बांनी बजावलं, “आता एक जरी खोडी झाली, तर पहिल्या बोटीने मामूकडे.” मामू म्हणजे माझा भाऊ हुसेन, राजापूरला असतो. पोराला पहाटे उठवून कडूजहर काडेकिराईत पाजणारा माणूस. माझा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते, त्याच्याकडे मी मांजरसुद्धा पाठवलं नसतं.

यूनुसने काय करावं? ताटातली एक भाकरी खायची, बाकीच्या सदऱ्यात घालून संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. आधी एक बकरी मागे आली. मग दोन. एके दिवशी अब्बा कामावरून येऊन अंगणात आडवे झाले होते, तर अख्ख्या गल्लीच्या बकऱ्या आत. एक थेट बाजेवर चढली आणि त्यांच्या लुंगीचं टोक चघळायला लागली.

मागोमाग बायका आल्या, हातात भांडी घेऊन. सफिया सगळ्यांत पुढे.

“असमाबी, माझी बकरी तुझ्या अंगणात आणि आचळ रिकामं. दूध गेलं कुठे गो?”

“दूध होतं कधी? तुझ्या पेंडीवर पाणी यायचं. ते उन्हात सुकलं असेल.”

“तू दुसऱ्यांच्या बकऱ्या फोडतेस.”

“मी कशाला फोडू? तुझ्या हातची भाकरी तिने एकदा चाखली असेल. घर सोडायला तेवढं पुरतं.”

बायका हसल्या. पण दुधाचा आळ आला म्हटल्यावर अब्बांचा चेहरा उतरला. त्यांनी यूनुसला पुढे ओढलं.

“भाकऱ्या कुणी घातल्या यांना?”

“मी. पण अब्बा, आल्या त्या आपल्या पायांनी.”

अशरफ नावाचा आमचा गाववाला पुढच्या बोटीने स्वतःच्या लग्नाला गावी निघाला होता. अब्बांनी तिथल्या तिथे ठरवलं, यूनुस त्याच्याबरोबर जाणार. अशरफला सांगितलं, तर तो उठून आधी आपल्या ट्रंकेचं कुलूप ओढून बघायला लागला.

मध्ये पडली लैला. अर्धं अरबीत, अर्धं हातवारे करून म्हणाली, “पोराला कुठेही पाठवा. आधी बकऱ्यांची वाईट सवय मोडून द्या. पोर गेलं आणि बकऱ्या इथेच आल्या, तर तुम्ही पण खोली खाली करा.”

झालं. बोट सुटेपर्यंत यूनुसने रोज संध्याकाळी एकेक बकरी जिच्या तिच्या घरी पोचवायची. सवय मोडली तर यूनुस बोटीत. नाही मोडली तर इथेच, मोडेपर्यंत.

त्याच संध्याकाळी मी दुप्पट पीठ मळलं.

“तीन माणसांना एवढ्या भाकऱ्या?” अब्बांनी विचारलं.

“मला हल्ली भूक फार लागते,” मी म्हटलं, आणि त्यांची पाठ वळली तशी परातभर भाकऱ्या मागच्या दारात ठेवल्या.

यूनुस बिचारा इमानाने बकऱ्या पोचवायचा. परत येऊन म्हणायचा, “अम्मा, सोडून आलो गं. त्या माझ्या आधीच इथे पोचल्यात.”

“मग तुझी काय चूक?”

पण सफिया काय कमी होती? तिने भाकरीला गूळ फासला. तिची बकरी तिच्या दारात थांबली. दुसऱ्या दिवशी शेजारणीची पण तिथेच थांबली. अब्बा अंगणात बघून म्हणाले, “लागली सवय सुटायला,” आणि यूनुसची पेटी खाली काढली. गूळ लावून भाकरी खपवणारी बाई जिंकणार आणि माझं पोर काडेकिराईत पिणार.

बोटीच्या आदल्या दिवशी भर दुपारी मागचं दार वाजलं. उघडते तर अशरफ. पाठीवर जवाचं पोतं, अंग घामाने भिजलेलं.

“भाभी, हे घ्या. बकऱ्यांना काही कमी पडू देऊ नका.”

“तुला रे काय त्याचं?”

“लग्नाला चाललोय भाभी,” तो हात जोडून म्हणाला. “यूनुसबरोबर चाललो तर बोट तरी पोचेल का?”

त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सफियाची बकरी पोत्यात डोकं घालून उभी. लैलाने दारातून एकदा बघितलं, अब्बांकडे बघितलं आणि हाताचं बोट हलवून नाही म्हटलं. अब्बांनी पेटी परत वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते यूनुसला घेऊन अशरफला पोचवायला बंदरावर गेले. अशरफने यूनुसला पोटाशी धरलं, मुके घेतले, आणि म्हणाला, “आता तिकडे लांब उभा राहा बेटा. बोट सुटेपर्यंत हात खिशातून काढायचे नाहीत.”

पोराने शब्द पाळला. बोट दिसेनाशी झाली तेव्हाच हात बाहेर काढले, आणि एका हातात अशरफच्या ट्रंकेची किल्ली होती.

लग्नात नवऱ्याने कपडे कुणाचे घातले, ते मला विचारू नका.