साडेसहाची नळी

“डाव्या खांद्याला लाव. डाव्या, बेर्टल! हा तुझा उजवा झाला.”

“माहितीये मला माझा उजवा कुठला ते.”

एंगेलबर्टने, सगळ्यांच्या बेर्टलने, बंदूक डाव्या खांद्यावर नेली आणि गाल दस्त्यावर टेकवला. जबड्याचं हाड लाकडावर आपटलं. उजवा गाल टेकून टेकून त्या बाजूचं लाकूड इतक्या वर्षांत गुळगुळीत झालं होतं, त्याच्या चेहऱ्याच्या मापाचं. डाव्या बाजूला नुसतंच लाकूड होतं.

“कसं वाटतंय?” व्हिन्झेन्झने विचारलं.

“दुसऱ्याच्या बायकोबरोबर नाचल्यासारखं.”

खिडकीपाशी स्टुलावर विणत बसलेल्या त्याच्या बायकोने, रोझविथाने, मान वर केली नाही. “तुझ्याबरोबर नाचायला कोण तयार होतंय ते तरी कळू दे,” ती म्हणाली.

व्हिन्झेन्झ हसला. खोऱ्यातल्या सगळ्यांच्या बंदुका त्याच्याच कारखान्यात दुरुस्त होत. टेबलावरच्या हिरव्या कापडावर त्याने तीन नळ्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर तिची तिची दुर्बीण. एंगेलबर्टची बंदूक एकबारी, मधोमध मोडून उघडणारी. एक कळ दाबली की नळी सुटून हातात येई आणि तिच्या जागी दुसरी बसे. दस्ता तोच, घोडा तोच, फक्त नळी वेगळी. डोंगर चढणारे शिकारी हीच बंदूक पसंत करत, कारण ती दोन तुकड्यांत पाठपिशवीत मावे आणि वजनाला हलकी असे. तिला डावं-उजवंही नव्हतं. कुठल्याही खांद्यावरून ती सारखीच चाले.

धक्का मात्र खांदा बदलला म्हणून चुकत नव्हता. ईस्टरच्या आधी एंगेलबर्टच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. शहरातल्या इस्पितळात तो पुन्हा चिकटवला, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, “शंभर बार काढाल आणि काही होणार नाही. किंवा पहिल्याच बाराला पडदा पुन्हा सुटेल. मला सांगता येणार नाही. पण बंदुकीचा धक्का डोक्याला जितका कमी बसेल तितकं बरं.”

म्हणून आज तिघं त्या टेबलाभोवती जमले होते.

“हे बघ,” व्हिन्झेन्झ म्हणाला, “सात मिलिमीटरची ही तुझी जुनी. तिचं नावच काढू नकोस. ही छोटी. साडेपाचच्या थोडी वर. धक्का म्हणशील तर उचकी लागल्याएवढा. पण कायद्याने तिच्यावर फक्त ते छोटं रेह हरीण आणि कोल्हा. गाम्सवर चालायची नाही, मोठ्या हरणावर तर नाहीच.”

“म्हणजे खालचं जंगल.”

“खालचं जंगल. आणि ही साडेसहा. हिच्यावर गाम्सही चालतो. धक्का सातपेक्षा कमी. बराच कमी नाही, पण कमी.”

एंगेलबर्ट मठाच्या जंगलाचा पगारी शिकारी होता. वरचे कडे आणि खालचं जंगल, दोन्ही त्याच्याकडे. कड्यांवर गाम्स राहत. रानशेळ्याच त्या, आकडेबाज शिंगांच्या. त्यातले किती ठेवायचे, कुठले म्हातारे आणि आजारी काढायचे, हे ठरवण्यात त्याचा जन्म गेला होता. मठाधिपतींनी स्वतःच सुचवलं होतं की हवं तर वरचा भाग शेजारच्या जंगलातल्या वाल्बुर्गाकडे देऊ. त्याने विचार करतो म्हणून सांगितलं होतं. छोटी नळी घेतली की विचार करण्यासारखं काही उरत नव्हतं.

“साडेसहा,” तो म्हणाला.

सुया थांबल्या. “छोटी,” रोझविथा म्हणाली.

“छोटीने गाम्स मारता येत नाही.”

“नकोच मारू. गाम्सने तुला काय केलंय?”

व्हिन्झेन्झने दोघांकडे पाहिलं आणि साडेसहाची नळी कापडात गुंडाळली. “ही माझी नमुन्याची आहे. आठवडाभर ने. चार बार काढून बघ. मग भांडा.”

कारखान्यामागच्या मातीच्या बांधावर एंगेलबर्टने दोन बार काढले. दोन्ही गोळ्या कागदावर अगदी शेजारी शेजारी लागल्या.

“डोळ्यात काही चमकलं?” रोझविथाने विचारलं.

“नाही,” तो लगेच म्हणाला. ते खरंच होतं. पण इतक्या लगेच तो कधीच उत्तर देत नसे, आणि तिच्या ते लक्षात आलं. ती गाडीत जाऊन बसली. आता गाडी तीच चालवायची.

बुधवारी डोंगरावरच्या झोपडीवाल्याचा फोन आला. ग्राउकारच्या कड्याखाली एक म्हातारा गाम्स बोकड दोन दिवस एकाच जागी उभा आहे. डोळ्यांची साथ असावी.

ही साथ दर काही वर्षांनी येई. गाम्सचे डोळे दुधाळ होत, मग दिसेनासं होई. बरेचसे काही आठवड्यांत बरे होत, म्हणून घाई करायची नसे. पण कड्यावर अडकलेला, खंगलेला असेल तर कुणीतरी जाऊन बघावं लागे. ते कुणीतरी म्हणजे एंगेलबर्ट.

“एकट्याने जायचं नाहीयेस तू,” रोझविथा म्हणाली.

“मग काय मठातून साधू मागवू?”

“मी येते.”

“तुझा गुडघा?”

“तुझा डोळा, माझा गुडघा. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल.”

पहाटे तिने पाव, खारवलेलं मांस आणि थर्मास भरला. त्याने साडेसहाची नळी कापडात गुंडाळून पाठपिशवीत सरकवली. दस्ता तिने भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिला. दस्त्याला चामड्याची पट्टी बांधलेली होती, तिला काडतुसांसाठी पाच घरं. अंधारात त्याने सवयीने अंगठा फिरवून पाच बुडं मोजली. पाच होती.

झाडं संपली तिथे सूर्य वर आला. रोझविथा हळू चढत होती आणि बोलत नव्हती. तिला दम लागला असेल असं त्याला वाटलं. स्वतः त्याला दर वळणावर थांबायला निमित्त हवं होतं, आणि तिचा गुडघा ते देत होता. पूर्वी ही वाट तो एका दमात चढायचा. आज पाय जड नव्हते. आतूनच काहीतरी थकलेलं होतं, झोपून न जाणारं.

बोकड दिसला. कड्याखालच्या गवताच्या अरुंद पट्ट्यावर तो स्वतःभोवती लहान लहान फेऱ्या घालत होता. पुढचा पाय उचलून आधी जमीन चाचपायचा, मग टेकवायचा. दोन हातांवर दरी होती. एंगेलबर्ट, वास जाऊ नये म्हणून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका खडकाआड बसला आणि लांब दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. बरगड्या दिसत होत्या. एक डोळा पांढरा होता. दुसरा फुटला होता आणि गालावरून खाली काळा ओघळ वाळला होता.

“हा नाही बरा व्हायचा,” तो कुजबुजला.

त्याने बंदूक जोडली. पट्टीतून काडतूस काढलं, नळीत घातलं. ते आत गेलं आणि बोटाच्या पेराएवढं बाहेर राहून अडलं. बंदूक मिटेना. त्याने काडतूस काढून फुंकर मारली, पुसलं, पुन्हा घातलं. तिथेच अडलं. दुसरं घेतलं. तेही तसंच. बुडावरचे बारीक आकडे त्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हते, आणि चष्मा खाली घरी होता. त्याने काडतूस बायकोपुढे धरलं.

“काय लिहिलंय बघ.”

“सात,” ती म्हणाली. तिने काडतुसाकडे पाहिलं नव्हतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. सात आणि साडेसहा, दोन्ही काडतुसांचा देह एकच. फक्त मान अर्ध्या मिलिमीटरने जाड-बारीक. नळी बदलली होती. पट्टीतली काडतुसं मात्र गेल्या हिवाळ्यातलीच होती. साडेसहाची पेटी स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली होती.

“कधी पाहिलंस?”

“सकाळी. दस्ता काढताना.”

“आणि बोलली नाहीस.”

“बोलले असते तर बदलून आला असतास.” तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. “मला वाटलं, वर जाशील, चिडशील, खाली येशील. गाम्स आपले आपण बरे होतात असं तूच तर सांगतोस दर वेळी.”

“फुटलेला डोळा होत नाही.”

“ते मला माहीत नव्हतं, बेर्टल.”

“मलाही नव्हतं. वर आल्यावरच कळतं.”

एक दगड जरी घरंगळला असता तरी बोकड आंधळेपणी उधळून दरीत गेला असता. त्यामुळे मोठ्याने भांडताही येत नव्हतं. रोझविथा उठली. “खिंडीत फोन लागतो. वाल्बुर्गाला बोलावते.”

“गुडघा…”

“असू दे गुडघा.”

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा घामाने आणि आणखी कशाने तरी ओला होता. वाल्बुर्गा पलीकडच्या उतारावरून यायला दोन तास लागणार होते. दोघं खडकाआड खांद्याला खांदा लावून बसली. बोकड फिरत होता. मध्येच थांबून तो ओठांनी गवत शोधायचा आणि एखादी काडी सापडली की ती चावत राहायचा. वरच्या सुळक्यावर एक डोमकावळा येऊन बसला. रोझविथाने मान खाली घातली, पण एंगेलबर्टने दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही. बघत राहण्याखेरीज त्या जनावरासाठी करण्यासारखं त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं.

“चहा देऊ?” बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

“नको. झाकणाचा आवाज होईल.”

वाल्बुर्गा आली ती मांजरीसारखी. पस्तिशीची, उन्हाने रापलेली. खाली खोऱ्यात ती त्याला ‘अहो’ म्हणायची. पण झाडं संपतात ती रेघ ओलांडली की इथे सगळेच एकमेकांना ‘अरे-तुरे’ करत.

“तुझ्याकडे बंदूक आहे की,” ती खडकाआड बसत कुजबुजली.

“काडतुसं चुकीची आणली मी.”

रोझविथा काही बोलायला गेली. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. वाल्बुर्गाने दोघांकडे एकेकदा पाहिलं.

“होतं तसं,” ती म्हणाली. “माझंही झालंय एकदा.” तिच्या बंदुकीची नळी बदलता येत नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

एकच बार झाला. बोकड जागच्या जागी बसला.

वाल्बुर्गाने बुटक्या पाइनच्या डहाळ्या तोडल्या. रीतीप्रमाणे एक बोकडाच्या तोंडात ठेवली, त्याचा शेवटचा घास म्हणून. दुसरी जखमेला लावून टोपीवर ठेवली आणि क्षणभर थांबली. मग ती डहाळी मोडून तिने अर्धी एंगेलबर्टपुढे केली. जखमी जनावर शोधून काढणाऱ्याला अर्धी डहाळी द्यायची पद्धत होती. नुसतं बसून राहणाऱ्याला नव्हती.

“मी काही केलं नाही,” तो म्हणाला.

“दोन तास त्याला घाबरू दिलं नाहीस. घे.”

त्याने ती टोपीत खोचली.

शनिवारी व्हिन्झेन्झच्या कारखान्यासमोर गाडी थांबवून रोझविथा स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

“साडेसहाच घे,” ती समोर बघत म्हणाली. “मी काही बोलणार नाही. काडतुसं मी स्वतः तपासून देईन.”

“चल आत.”

आत त्याने साडेसहाची नळी हिरव्या कापडावर ठेवली. “छोटी दे.”

व्हिन्झेन्झने रोझविथाकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिलाही हे नवीन होतं.

“आणि वरचं?” व्हिन्झेन्झने विचारलं.

“वाल्बुर्गा बघेल. मठात सांगून आलोय.”

“डोळ्यामुळेच ना? अरे, मी म्हणतो, साडेसहाला वजनदार दस्ता लावू, रबराची गादी लावू…”

“डोळ्याचं नाही रे.” एंगेलबर्टने अंगठा तर्जनीवर घासला. “पाच मोजली मी अंधारात. पाच बरोबर होती. कुठली ते पाहिलंच नाही, तेवढ्यावर वर गेलो.”

व्हिन्झेन्झने छोटी नळी उचलली, आतून कापडाचा बोळा फिरवला आणि बंदुकीला बसवली. कळ टक् करून बसली. सातची जुनी नळी कापडावर राहिली होती.

“हिचं काय करू?”

“राहू दे तुझ्याकडे. तेल देत जा.”

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने नवी काडतुसं पट्टीत भरायला घेतली. घरं सातच्या मापाने ताणलेली होती. पहिलं काडतूस घातलं तसं ते खालून निसटून मेणकापडावर पडलं आणि घरंगळत मिठाच्या भांड्याला जाऊन लागलं. त्याने उचलून पुन्हा घातलं. पुन्हा पडलं.

रोझविथाने त्याच्या हातातून पट्टी घेतली. दाभण आणि मेण लावलेला दोरा आणला, दिवा जवळ ओढला. एकेक घर ती आतून टाचून लहान करू लागली. चामडं जुनं, टणक. सुई पार व्हायला तिला टेबलाच्या कडेचा आधार घ्यावा लागत होता. खुंटीवर त्याच्या टोपीतली अर्धी डहाळी वाळून पिवळी पडत चालली होती.

एक घर पुरं झालं की तो एक काडतूस तिच्यापुढे धरी, बूड तिच्याकडे करून. ती त्यावरचा आकडा मोठ्याने वाची, आणि मगच ते घरात सरकवी.