एकशेचार पाकिटं

“भिकाजी, हें तुजाच नाव मरे?”

पाळीच्या पंचायतीच्या सभागृहात गावातला शांताराम धुळीच्या अहवालाचं शेवटचं पान भिकाजीकाकांच्या नाकासमोर धरून उभा होता. पानावर छापलं होतं: नमुने गोळा करणारे, भिकाजी गवस.

“हय, माजाच.”

“मग ही धूळ तूच मोजलंस मा? वर्साची सरासरी बावन्न! खाण परत चालू झाली, दिसभर ट्रक शाळेच्या कुशीक धावतत, आमची भुरगीं खोकून खोकून बेजार, आणि तुजी धूळ बावन्न? सरकारी मर्यादेच्या, शंभराच्या आत? किते खाल्लंस रे त्यांच्याकडसून?”

काकांनी चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि हळूच म्हणाले, “हे आकडे मी लिवलेले न्हय, शांताराम.”

सभागृहात हशा पिकला.

मी तिसऱ्या रांगेत आमच्या संस्थेचे प्रमुख सुदेश सर यांच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, हा माणूस आता अंगावर आल्यावर खोटं बोलतोय. काकांबद्दल मला असं वाटलं! हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

काका दोडामार्गाकडचे. खाणीच्या वजनकाट्यावर त्यांनी वीस वर्षं ट्रक मोजले. खाण बंद पडली तेव्हा ते डिचोलीला आमच्या हवा तपासणाऱ्या संस्थेत आले आणि ट्रकांऐवजी धूळ मोजायला लागले. आठवड्यातून दोनदा पाळीच्या शाळेच्या गच्चीवर चढायचं, हवा ओढणाऱ्या यंत्रातला पांढरा गाळणीचा कागद बदलायचा, जुना कागद ऑफिसात आणून नाजूक काट्यावर तोलायचा. कोरा असताना किती, धूळ बसल्यावर किती. वर्षाला असे एकशेचार कागद. तोलताना ते पंखा बंद करायचे आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यायचे. आम्ही त्यांची टिंगल करायचो. “काका, ट्रक तोलताना पण श्वास धरायचात काय?” ते म्हणायचे, “ट्रकाक माजो श्वास जाणवत नाय गो. ह्येका जाणवता.”

त्यांनी वहीत लिहिलेले आकडे संगणकात घालणं माझं काम. मी प्राजक्ता, संख्याशास्त्राची पदवीधर. ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत मी तक्ते करते, सरासरी काढते, आलेख रंगवते. ऑफिसात माझ्या या विद्येचा केवढा रुबाब!

सभेनंतर सोमवारी सरांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मंगळवारी मला फाइलला लावायला एक पत्र मिळालं. ‘माझ्या ताब्यातील वजनकाटा नादुरुस्त होता व ही बाब मी वेळीच कळवली नाही.’ खाली काकांची सही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढलेली.

मी तशीच उठून वजनाच्या खोलीत गेले. काका काट्यावर प्रमाणाचं छोटं वजन ठेवत होते, उचलत होते, परत ठेवत होते.

“काका, काटा बिघडलाय?”

“सकाळपासून वीसदा बघलंय. बरोबर दाखवता.”

“मग सही का केलीत?”

“मग काय करू? कंप्युटर चुकता काय गो बाय? माजीच नजर कमी झाली आसतली. वय झाला माजा.” हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. “फक्त एक कळणा नाय. दीडशेच्या खाली आकडो लिवल्याचा माका आठवतच नाय.”

दीडशे! मी जागेवर परतले आणि अहवालासाठी लिहिलेल्या माझ्या सगळ्या आज्ञा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या. अर्ध्या तासात सापडलं.

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं पाप इथेच आहे. ‘आर’मध्ये तयार केलेला तक्ता फाइलमध्ये साठवून ठेवता येतो आणि नंतर परत उघडता येतो. ‘लोड’ म्हटलं की फाइलमधला तक्ता जसाच्या तसा परत येतो, पण तो स्वतःचं जुनं नाव घेऊन येतो. त्या नावाचा दुसरा तक्ता आधीच उघडा असेल तर त्याला पुसून त्याच्या जागी बसतो. विचारत नाही, बजावत नाही. आमच्या ऑफिसात तर जो तो आपल्या तक्त्याला एकच नाव देत आलेला: ‘धूळ’. मी नव्या वर्षाची ‘धूळ’ टाइप करून पूर्ण केली. मग आधीच्या एका अहवालात रंग कोणते वापरले होते ते बघायला म्हणून जुनी फाइल लोड केली. तिच्यातही ‘धूळ’च, पण खाण बंद होती त्या वर्षाची. तिलाही बारा महिने, तिलाही एकशेचार ओळी. नवी पुसली गेली, जुनी बसली, आणि मी तिचीच सरासरी काढली. एवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी घरी जाताना नव्या फाइलवर तीच जुनी ‘धूळ’ साठवून गेले. खरे आकडे संगणकातून कायमचे गेले.

दुसरी आज्ञा आहे. तिच्यात एकच तक्ता साठवतात आणि परत आणताना त्याला नाव आपण द्यायचं असतं. मला ती येत होती. रंगांच्या नादात मी आळस केला, आणि त्या आळसाचं पत्र काकांनी सही करून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोर मी होते.

मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, काकांची वही काढू, परत टाइप करते.

“वह्या भंगारात दिल्या गेल्या महिन्यात,” सर म्हणाले. “सगळं कंप्युटरात आहे ना, मग कागद कशाला सांभाळायचे?”

“पण सर, चूक माझी आहे. ते पत्र...”

“प्राजक्ता, अहवाल वर गेला. आता चूक कबूल केली तर संस्थेला पुन्हा काम कोण देणार? काटा बिघडला, विषय संपला. भिकाजी पुढच्या वर्षी निवृत्तच होतोय. त्याला काय फरक पडतो?”

काय फरक पडतो! ज्या माणसानं आयुष्यभर वजन करण्यापलीकडे काही केलं नाही, त्याच्याकडून लिहून घेतलं की तुला वजन करता येत नाही, आणि वर विचारतात काय फरक पडतो! मी दार उघडं टाकून बाहेर आले.

काकांना सगळं सांगितलं. पुसल्या गेलेल्या तक्त्याचं त्यांना किती कळलं कोण जाणे. ते शिव्या देतील, निदान तोंड फिरवतील, म्हणून मी मान खाली घालून उभी होते.

“म्हणजे काटो बरो होतो,” ते म्हणाले.

“बरा होता, काका.”

“आणि माजी नजर?”

“ती पण.”

त्यांनी मान हलवली. मग कपाटाच्या तळातून बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे ओढून काढले. आत पाकिटं, ओळीनं लावलेली. वापरलेले कागद तीन महिन्यांनी टाकून द्यायचा नियम आहे. काकांनी एकही टाकला नव्हता. प्रत्येक पाकिटावर तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन आणि हिशेबानं आलेला आकडा. एक उघडलं. आतला कागद जांभ्या चिऱ्यासारखा तांबडा झालेला.

“टाकले का नाहीत?”

“ट्रक मोजून सोडलो की गेलो. परत कोणी इचारल्यान तर दाखवतलंय काय? हे दाखवूक येतत.”

दोन दिवस आम्ही दोघं बसलो. पाकिटं निवडून दहा कागद पुन्हा तोलले, तंतोतंत जुळले. सगळे एकशेचार आकडे मी नव्यानं घातले आणि तक्ता त्याच्या स्वतःच्या नावानं साठवला. सरासरी आली दोनशे सात.

दुरुस्तीचं पत्र मी सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते न वाचता माझ्याकडे सरकवलं. “नोकरी नको झाली काय?” नकोच झाली असावी, कारण रविवारी मी पाळीच्या खास ग्रामसभेला काकांबरोबर गेले. बसमध्ये त्यांनी दोन्ही डबे मांडीवर धरले होते.

सरपंचबाईंनी मला बोलायला सांगितलं. मी उठून बोलले. चूक काट्याची नाही, काकांची नाही, माझी आहे. जुन्या वर्षाचे आकडे नव्यांच्या जागी माझ्या हातून गेले. सर पहिल्या रांगेत होते. माझं अर्धं बोलणं झालं तेव्हा ते उठून बाहेर गेले, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

“आणि हे नवे आकडे खरे कशावरसून?” शांताराम मागून ओरडला. “त्या दिसा एक, आज दुसरे. फाल्या तिसरे हाडशात!”

त्याचा संशय रास्त होता. मी दिलेला छापील कागद आता कोण मानणार होतं?

काका उठले. टेबलाशी जाऊन त्यांनी डब्यांची झाकणं उघडली, पाकिटं रांगेनं मांडली, पहिलं हातात घेतलं.

“पयली तारीख. एकशे एक्याण्णव,” ते वाचायला लागले. आतला तांबडा कागद बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असा धरला आणि परत आत घातला. “दुसरा. दोनशे चौदा.”

पाच-सहा पाकिटं झाल्यावर सरपंचबाई म्हणाल्या, “काका, पटलं. सगळी वाचूक नको.”

“सगळीच वाचतलंय,” काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “माजा नाव सगळ्यांवर आसा.”

ते वाचत राहिले. दोनशे तीस. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे बावीस. दाराशी उभ्या असलेल्या बाया आत आल्या. कुणीतरी शाळेतल्या आपल्या मुलीचं नाव घेऊन रडायला लागलं. टेबलावरची पाकिटं पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती आणि काका एका हातानं ती दाबून धरून दुसऱ्या हातानं पुढचं उचलत होते.

शांताराम खुर्चीवरून उठला. मला वाटलं, तो आता पुन्हा काहीतरी बोलणार. तो भिंतीपाशी गेला, त्यानं पंख्याचं बटण बंद केलं, आणि तिथेच उभा राहून ऐकू लागला.