वीतभर कमी पडलेलं वळण

इंजिन गांडुळांच्या टबात पडलं. नाकावर पडलं आणि चाकांपर्यंत आत रुतलं. आता हे विसरून जा, कारण असं काही घडलेलंच नाही. त्या घरात तीन माणसं राहतात आणि तिघांचं यावर एकमत आहे. याआधी त्यांचं एकमत झालं होतं ते भिंतींच्या रंगावर, आणि तेव्हाही एक जण बाहेरगावी होता.

तर, काहीही न घडण्याच्या आधी एक गॅरेज होतं. खाली दादा-वहिनी राहायचे, वर धाकटा, आणि गॅरेज सामाईक. जमिनीवर मधोमध पिवळी चिकटपट्टी. पट्टीच्या अलीकडे धाकट्याची हद्द, पलीकडे दादाची गांडुळं. दादा दिवसभर कचेरीत माणसं सांभाळायचा आणि संध्याकाळी गांडुळं. त्याच्या मते फरक एवढाच, की गांडुळं रजा मागत नाहीत.

धाकटा कवळ्या बनवायचा. दिवसभर परक्या तोंडांचे प्लॅस्टरचे ठसे कुरवाळून त्याच हातांनी तो निवांत डबा खायचा. पण दादाने टबाचं झाकण उचललं की त्याच्या घशाशी यायचं. कुजका कोबी, भिजलेला पुठ्ठा, आणि त्याखाली काहीतरी गुलाबी, बुळबुळीत, स्वतःच्याच अंगावरून सरकणारं. एकदा त्याने चुकून नीट पाहिलं होतं. त्यानंतर दोन दिवस शेवया खाणं सोडाच, त्याने बुटाची नाडीसुद्धा बांधली नाही.

तरी त्याला गॅरेज हवंच होतं, ते बाबांच्या इंजिनासाठी. हातभर लांबीचं, काळं, पितळी पट्ट्यांचं खेळण्यातलं इंजिन. पण त्याला खेळणं म्हटलं की बाबा जेवणावरून उठायचे. जागा नव्हती म्हणून त्यांनी ते जन्मभर पलंगाखालच्या सरळ रुळावर पुढे-मागे, पुढे-मागे चालवलं. ते इंजिन कधी वळलंच नव्हतं. बाबा गेले आणि धाकट्याने ठरवलं, एकदा तरी ते पूर्ण गोल फिरून आपल्या जागी परत आलं पाहिजे.

तीन आठवडे तो जमिनीवर आलेखाचा कागद पसरून पालथा पडला होता. एवढ्या लांब इंजिनाला वळायला दोन मीटर रुंदी लागते. त्याच्या हद्दीत होती एक मीटर ऐंशी.

"वीतभर कमी पडतंय, दादा."

"मग भिंतीला सांग सरकायला."

"तुझा एक टब सरकव ना."

"गांडुळांना जागा बदललेली सोसत नाही. हळवी असतात रे ती."

"आणि मी?"

"तू बदल की जागा. वर राहतोसच."

शेवटी वहिनींनी तह घडवून आणला. रूळ पट्टी ओलांडून वीतभर आत जाणार, पहिल्या टबावरून पूल. बदल्यात गाडीने दादाचा माल न्यायचा. स्वयंपाकघराच्या दारातून भाजीची सालं भरायची आणि पुलावर आल्यावर टबात ओतायची.

"बाबांचं इंजिन कचरा ओढणार?" धाकट्याचं तोंड कडू झालं.

"भाऊजी, मालगाडीच आहे ना ती?" वहिनी म्हणाल्या. "मग माल न्या."

पुलाचे खांब टबातच उभे करायचे होते. धाकट्याने प्रयोगशाळेतले टाकून दिलेले जुने ठसे पोतंभर आणले. त्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल अशी गोष्ट त्याला सुचली होती: वरचा जबडा म्हणजे तयार कमान. जबड्यावर जबडा रचला की खांब. दादा पोत्यात डोकावला आणि दोन पावलं मागे सरला.

"ईऽ! हे लोकांच्या तोंडातलं?"

"तोंडाचं. तोंडातलं नव्हे."

"शी! माझ्या गांडुळांत घालणार हे?"

"तुझ्या गांडुळांना शिसारी येईल का?"

दादाने खरंच थोडा विचार केला.

वहिनींनी मात्र एक जबडा उचलून उजेडात धरला. पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला. "हा माझा आहे."

"दोन वर्षांपूर्वीचा आहे, वहिनी. जुना."

"मी पण तेव्हापासून तीच आहे." त्यांनी तो परत ठेवला. "मधल्या खांबाला लावा. कडेला नको."

धाकट्याने कोपरापर्यंत हातमोजे चढवले, मान पाठीकडे वळवली, श्वास रोखला आणि चाचपडत खांब लगद्यात रोवले. बोटांखाली काहीतरी हललं तेव्हा त्याने मनातल्या मनात सतराचा पाढा म्हटला. वर झाकण बसवलं, खांबांसाठी आणि सालं पडण्यासाठी भोकं पाडून, आणि नंतर तीन आठवडे ते झाकण उघडलं नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पाटी आहे: 'ठसे ओल्यात ठेवू नयेत, विरघळतात.' ती पाटी त्यानेच रंगवली होती.

रविवारी सकाळी गाडी सुटली. मागच्या डब्यात बटाट्याची सालं आणि वापरलेली चहापत्ती. दादाने शिट्टी मारली. इंजिन घरघरत निघालं, पहिल्या कोपऱ्यात वळलं, खरोखर वळलं, आणि धाकट्याला एकदम वाटलं की हे बाबांनी पाहायला हवं होतं. पाऊण गोल झाला. इंजिन पुलावर आलं. मधला खांब पावात दात रुतावेत तसा अलगद खाली बसला.

मग ते घडलं जे घडलेलं नाही.

झाकण फुटलं. पिठासारखे झालेले जबडे लगद्यात तरंगत होते, आणि त्यांच्या दातांमधून गांडुळं सावकाश ये-जा करत होती. धाकटा सिंककडे धावला. दादा म्हणाला, "एक चिरडलं रे!" आणि त्याचा आवाज खरंच कापरा झाला.

वहिनींनी टबात हात घालून इंजिन काढलं, पाठोपाठ स्वतःचा अर्धा जबडा. तो फडक्याने पुसला. "या घरात काही पडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्हा दोघांना एकमेकांची माफी मागावी लागेल, आणि ते मला बघवणार नाही."

संध्याकाळपर्यंत धाकटा तोंडाला रुमाल बांधून दातांच्या चिमट्याने चाकांतून गांडुळं उपसत होता. अकरा निघाली. ओकाऱ्या पाच. बारावं गिअरमध्ये होतं आणि जिवंत होतं. ते त्याने, डोळे उघडे ठेवून, दादाच्या तळहातावर ठेवलं. इंजिन पुन्हा सरळ रुळावर पुढे-मागे चालायला लागलं.

मग हात तीनदा धुऊन धाकट्याने कागद घेतला.

"प्रति, मा. अभियंता, बांधकाम विभाग.
विषय: भिंत सरकवणेबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आमच्या सामाईक गॅरेजची उजवी भिंत शेजाऱ्यांच्या न्हाणीघरासह वीतभर बाहेर सरकवण्यात यावी. डावीकडे गांडुळे असून ती हळवी आहेत. कोणतीही दुर्घटना घडलेली नाही. भिंत सरकवणे अशक्य असल्यास, सदर इंजिनाने पाऊण फेरी पूर्ण केलेली असल्याने उर्वरित पाव फेरी आपल्या कार्यालयाने मंजूर करून तसा दाखला कै. वडिलांच्या नावे द्यावा, ही नम्र विनंती."