तिसरा पिंजरा

बालाघाटच्या प्रयोगशाळेत अंजनाकडे उंदरांचे तीन पिंजरे सांभाळायला होते. सगळ्यांना मुद्दाम बुरशीची लागण केलेली. एका पिंजऱ्याला पाण्यात कालवलेलं औषध, दुसऱ्याला तेच तेलात, तिसऱ्याला काहीच नाही. फरक कळायला नको?

घरी तीन लेकरांत पेजसुद्धा सारखी वाटणाऱ्या अंजनाला ते बघवेना. दोन्हींतलं थोडंथोडं ती तिसऱ्यालाही पाजू लागली. सगळेच उंदीर जगले.

"तिसऱ्यातले मरायला हवे होते," प्रयोग करणारे डॉक्टर म्हणाले.

"दोघाले देऊन तिसऱ्याले उपाशी कसं ठेवाव, साहेब?"

सगळी तुलनाच वाया गेली होती. आता नवे उंदीर आणायचे, हे मारून टाकायचे. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची बाटली तिच्याच हातात दिली.

अंजनानं तेही तिन्ही पिंजऱ्यांत सारखं वाटलं.